१८५७ची यात्रा काढताय? मग बस आधी वरसईला थांबवा

पोस्ट मोठी आहे. शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, फक्त आधी पूर्ण वाचा.

गेले चार दिवस आपल्या पेण-पनवेलच्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्टर फिरतंय. वर घोड्यावरची झाशीची राणी, खाली ठळक अक्षरात '१८५७ क्रांतितीर्थ दर्शन, ६ रात्री ७ दिवस'. लखनौ, कानपूर, बिठूर, झाशी, ग्वाल्हेर. एसी बस, शुद्ध शाकाहारी घरगुती जेवण, आणि यंदा आठवी-नववीच्या मुलांना अर्ध्या दरात. त्याखाली मी एवढंच लिहिलं की ही यात्रा आहे अशी नेऊ नका, आणि मुलांना तर अजिबात नेऊ नका. झालं! दोन दिवसांत देशद्रोह्यापासून अर्बन नक्षलपर्यंत सगळ्या पदव्या मिळाल्या. एका ज्येष्ठ काकांनी तर विचारलं, "तुम्हाला झाशीची राणी खुपते का हो?"

काका, खुपत नाही. खुपतंय ते वेगळंच. सांगतो.

ही यात्रा मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी, बायको आणि नववीतला पुतण्या बरोबर होते. कंपनी कुठली ते सांगणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. बस वेळेवर होती, जेवण उत्तम होतं, पिठलं-भाकरीसुद्धा मिळाली. तक्रार त्याबद्दल नाहीच. तक्रार अशी आहे की सात दिवस १८५७ बघून आलो आणि १८५७ कुठे दिसलंच नाही.

झाशीपासून सुरू करतो. किल्ल्याला वेळ दिला होता दीड तास. राणीने जिथून घोड्यासकट उडी मारली म्हणतात, त्या जागेवर फोटोसाठी रांग. आमच्या बसमधल्या प्रत्येकाने तिथे फोटो काढला, मीही काढला. त्याच किल्ल्यात तीन माणसांची समाधीस्थळं आहेत: तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान, त्याच्याबरोबर लढलेला खुदाबक्ष, आणि मोतीबाई. राणीसाठी किल्ला लढवताना हे लोक मेले. मी गाइडला म्हटलं, तिथे जरा थांबू. तो म्हणाला, "साहेब, वेळ नाही, आणि आपल्या लोकांना त्यात काही इंटरेस्ट नसतो." आपल्या लोकांना! राणीच्या तोफा चालवणारे आपले नाहीत, मग आपले कोण? हे वाक्य बसमधल्या चाळीस जणांपैकी एकालाही टोचलं नाही.

बरं, किल्ला तरी झाला. खाली जे झाशी शहर आहे, तिथे आमची बस फक्त जेवायला थांबली. खरं १८५८ त्या शहरात घडलंय. एप्रिलच्या सुरुवातीला सर ह्यू रोजची फौज तट चढून शहरात शिरली आणि त्यानंतर गल्लोगल्ली जी कत्तल झाली, त्यात हजारो माणसं गेली. शिपाई गेले, आणि दुकानदार, भिक्षुक, विणकर, पाणी भरायला बाहेर पडलेली माणसंही गेली. त्यांच्यासाठी यात्रेत पाच मिनिटं नव्हती.

आता लखनौ. तिथे रेसिडेन्सी बघायला अर्धा दिवस. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती, हिरवळ, फुलझाडं, जागोजागी पाट्या. सुंदर ठेवलंय, पुरातत्त्व खात्याचं कौतुकच आहे. पण एक विचार करा, हे एवढं नीट का टिकलं? कारण इंग्रजांनी ते टिकवलं. १८५७च्या वेढ्यात त्यांची माणसं तिथे अडकली होती, मेली होती. ती जागा त्यांचं तीर्थक्षेत्र झाली. वेढ्यानंतर तिथला युनियन जॅक १९४७ पर्यंत रात्रंदिवस फडकत ठेवला होता, सूर्यास्ताला उतरवायचा नाही असा प्रघात. विलायतेहून आलेला गोरा प्रवासी हातात गाइडबुक घेऊन दिल्लीची टेकडी, कानपूरची विहीर, लखनौची रेसिडेन्सी असा फिरायचा आणि डोळे पुसायचा. १८५७च्या जागा बघत फिरण्याचा हा धंदा आपण सुरू केलेला नाही, त्यांनी केला. आपण त्यांनी आखलेल्या वाटेवर आपल्या घोषणा देत फिरतोय.

हे पटत नसेल तर याच लखनौमधली दुसरी जागा सांगतो. सिकंदरबाग. १६ नोव्हेंबर १८५७. कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने त्या बागेच्या भिंतीआड दोन हजारांच्या आसपास बंडवाले शिपाई एका दिवसात कापले. पुढच्या वर्षी फेलिस बिआतो नावाचा छायाचित्रकार आला, त्याने त्या पडक्या इमारतीसमोर पसरलेल्या हाडांचा फोटो काढला. तो फोटो जगभर गेला, आज इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. त्याच लढाईत मेलेल्या ऊदादेवी पासी या बाईचा पुतळा आज तिथे उभा आहे. आमची बस त्या रस्त्याने गेली. थांबली नाही. कारण पुढे चिकनच्या कपड्यांच्या दुकानात पाऊण तास ठरलेला होता.

म्हणजे जिथे इंग्रजांची माणसं मेली तिथे अर्धा दिवस, आणि जिथे आपली दोन हजार मेली तिथे खिडकीतूनही बघायचं नाही. आणि या यात्रेचं नाव 'क्रांतितीर्थ'!

आणि रेसिडेन्सीचीही अर्धीच गोष्ट सांगतात. आत अडकून लढणाऱ्यांत सातशेच्या वर हिंदी शिपाई होते. इंग्रजांच्या बाजूने. आमच्या गाइडने सांगितलं, "आत सगळे गोरे, बाहेर सगळे हिंदुस्थानी." टाळ्या पडल्या.

आता कानपूर. इथे जे झालं त्याच्यामुळेच मी मुलांना नेऊ नका म्हणतोय, म्हणून नीट वाचा.

कानपूरला नानाराव पार्क आहे. नानासाहेब पेशव्यांच्या नावाची बाग, आत तात्या टोप्यांचा पुतळा. एक येवल्याचा, एक आपल्या कर्जतजवळच्या वेणगावचा. ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू? घोषणा झाल्या, ग्रुप फोटो झाला. तेवढ्यात पुतण्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलं आणि विचारलं, "काका, बीबीघर म्हणजे काय? इथेच होतं का?" मी गाइडकडे बघितलं. तो म्हणाला, "ते मुलांना सांगायचं नसतं." आणि आयोजकांपैकी एक जण म्हणाले, "ते इंग्रजांनी रचलेलं आहे, सोड."

रचलेलं नाही हो. २७ जून १८५७ला सतीचौरा घाटावर, सुखरूप जाऊ देतो असं वचन दिलेल्या इंग्रजांवर होड्यांत बसताना गोळीबार झाला. वाचलेल्या बायका-मुलांना बीबीघरात ठेवलं. इंग्रज फौज जवळ आली तेव्हा, १५ जुलैला, तिथल्या सुमारे दोनशे बायका-मुलांना मारलं आणि विहिरीत टाकलं. हुकूम नेमका कोणी दिला यावर इतिहासकार आजही भांडतात. नानासाहेबांनी दिला का, दुसऱ्या कोणी दिला, वाद घाला. पण ते घडलं. त्याच विहिरीवर इंग्रजांनी संगमरवरी देवदूत बसवला, भोवती बाग केली, आणि त्या बागेत हिंदी माणसाला मोकळेपणाने जायची बंदी. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत तिथून हलवून चर्चच्या आवारात नेला आणि बागेला नानासाहेबांचं नाव दिलं. ठीकच केलं. आपल्याच शहरातल्या बागेत आपल्याला बंदी, हा अपमान पुसायलाच हवा होता.

पण अपमान पुसताना विहीरही पुसली गेली. आणि गंमत बघा, विहीर पुसल्यामुळे इंग्रजांचंच फावलं. कारण बीबीघर सांगितलं तरच त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगता येतं. आधीचं म्हणजे जूनमध्ये अलाहाबादला कर्नल नीलने लावलेला फाशीचा सपाटा आणि कानपूरकडे येणाऱ्या रस्त्यावर पेटवलेली गावं. नंतरचं म्हणजे त्याच नीलने कानपुरात पकडलेल्या लोकांना फाशीआधी बीबीघरातलं रक्त जिभेने चाटायला लावलं ते. हे इंग्रजांच्याच कागदांत आहे. बीबीघर लपवलंत की हे सगळंही लपतं. उरतो फक्त पुतळा आणि त्याच्यापुढची सेल्फी.

आणि पोरांना काय वाटतं? माझा पुतण्या त्या रात्री हॉटेलवर मला म्हणाला, "म्हणजे गाइड खोटं बोलतात. मग बाकीचं पण खोटं असेल." चौदा वर्षांचा मुलगा. सात दिवस, हजारो रुपये, आणि पोराने काय शिकलं, तर १८५७ हे सगळं बनवलेलं असतं. उद्या कुणीही इंग्रजी पुस्तक त्याच्या हातात ठेवून म्हणेल, बघ, तुमचे नानासाहेब कोण होते ते, आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. कारण उत्तर द्यायची वेळ होती तेव्हा आपण 'सोड' म्हणालो.

शेवटी ग्वाल्हेर. दुपारी जयविलास महाल, संध्याकाळी फुलबागेतली राणीची समाधी. महालातली ती प्रचंड झुंबरं बघून आमच्या बायका हरखून गेल्या. गाइडने झुंबरांचं वजन सांगितलं, छत पेलेल का बघायला वर हत्ती चढवले होते तेही सांगितलं. जून १८५८मध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरला आले तेव्हा जयाजीराव शिंदे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, त्यांचीच फौज बंडवाल्यांना मिळाली, ते आग्र्याला निघून गेले आणि इंग्रजांनी त्यांना परत गादीवर बसवलं, हे मात्र सांगितलं नाही. महाल बांधला गेला १८७४मध्ये, राणी पडल्यानंतर सोळा वर्षांनी. एकाच दिवशी दोन्हीकडे नमस्कार करून आम्ही झोपायला गेलो. शिंदे असे का वागले, त्यांच्यापुढे काय पर्याय होते, याची चर्चा करता आली असती. बसमध्ये चार तास अंताक्षरी चालते, तिथे अर्धा तास हे चाललं असतं.

आता तुम्ही म्हणाल, तू नुसती पिरपिर करतोस, मग करायचं काय?

तेच सांगायला ही पोस्ट लिहिली. आपल्या पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. त्या गावचा विष्णुभट गोडसे नावाचा गरीब भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. क्रांती करायला नाही. घरात कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकलं म्हणून. वाटेत महूजवळ त्याला शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीत अडकला. वेढा त्याने शहरातून पाहिला. गोरे आत शिरले तेव्हा लपून जीव वाचवला, कत्तल बघितली, लूट बघितली, सरणं बघितली. नागवला गेला, भुकेला राहिला, तरी गंगेचं पाणी घेऊन घरी परत आला. पुढे कित्येक वर्षांनी त्याने ते सगळं मराठीत लिहून काढलं. तेच 'माझा प्रवास'. छापून आलं १९०७ साली, तेही काटछाट होऊन. इंग्रजांचं राज्य होतं. मूळ मजकूर वाचायला मिळायला १९६६ उजाडलं.

१८५७च्या झाशीवर सामान्य हिंदी माणसाने डोळ्यांनी बघून लिहिलेलं दुसरं इतकं मोठं वर्णन शोधून दाखवा. आणि ते लिहिणारा आपल्या तालुक्यातला! ऐकीव गोष्टींत गोडसे भटजी चुकतो, कधी वाहवतोही. पण जे पाहिलं ते कुणाची भीड न ठेवता सांगतो. राणीबद्दल त्याला अपार आदर आहे, तरी तिच्या बाजूचे शिपाई लुटालूट करतात तेव्हा तेही सांगतो. त्याला कुणासमोर काही सिद्ध करायचं नव्हतं. आमच्या बसमधल्या चाळीस जणांत हे पुस्तक वाचलेले किती? मी धरून तीन. आयोजकांपैकी शून्य.

एक गोष्ट अजून, आणि ही कडू आहे. झाशीवर चालून आलेल्या ह्यू रोजच्या फौजेत नुसते गोरे नव्हते. मुंबई इलाख्याच्या २४व्या आणि २५व्या देशी पलटणी त्यात होत्या. मुंबईच्या लष्करात आपल्या कोकणातली भरती मोठी होती. म्हणजे झाशीच्या तटावर शिड्या लावणाऱ्यांत आपल्या गावांतली माणसं असतील, आणि आत लपलेला भटजीही आपल्याच गावचा. त्याच मुंबई लष्करातली २७वी पलटण ३१ जुलै १८५७ला कोल्हापुरात उठली. पुढे १५ ऑक्टोबरला खुद्द मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. आपल्यातले कितीतरी जण रोज पनवेलहून सीएसएमटीला उतरून त्याच मैदानाला वळसा घालून कामाला जातात. तुमचा-माझा खापरपणजोबा यातल्या कुठल्या बाजूला होता? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मग 'ते' आणि 'आपण' असं इतक्या सहज कसं बोलतो आपण?

"म्हणजे गोऱ्यांनाही येऊन त्यांच्या मेलेल्यांना फुलं वाहू द्यायची का?" असं एकाने विचारलंय. २००७ साली, दीडशे वर्षं झाली तेव्हा, काही ब्रिटिश पर्यटक याच जागा बघायला आले होते. मेरठ, लखनौला जोरदार निदर्शनं झाली आणि त्यांना कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. माझं मत स्पष्ट आहे. विजयाचा फलक लावायला कुणी आलं तर विरोध करा, मीही येतो. पण खापरपणजोबाच्या थडग्यावर फूल ठेवायला आलेल्या म्हाताऱ्याला अडवून काय मिळवलं? त्याच्यासाठी सिकंदरबागेचा रस्ता मोकळा ठेवा. त्याला तो फोटो दाखवा. त्याला सांगा, बाबा, हेही तुमचंच काम. पण त्यासाठी आधी आपण तिथे थांबलेलं असायला हवं ना?

तर आयोजकांना माझी जाहीर विनंती. तुम्ही माझे स्नेही आहात, दोन-तीन जण तर नात्यातले आहात, राग मानू नका.

१. बस निघेल त्या सकाळी पहिला थांबा वरसईला घ्या. तिथे अर्धा तास 'माझा प्रवास'मधली झाशीची पानं मोठ्याने वाचा. वाचायला मुलांनाच सांगा.

२. झाशीला पूर्ण दिवस द्या. किल्ला सकाळी, गुलाम गौस खानच्या थडग्यापाशी थांबून. दुपारी शहरात पायी फिरा.

३. लखनौला चिकनचं दुकान दहा मिनिटं कमी करा, सिकंदरबागेत थांबा.

४. कानपूरला मुलांना सगळं सांगा. सतीचौरा, बीबीघर, नील, फाशी, सगळं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मोबाइलवर यापेक्षा भयंकर गोष्टी दिसतात. फरक इतकाच की तिथे समजावून सांगायला कुणी मोठं माणूस शेजारी नसतं.

५. ग्वाल्हेरला महाल जरूर बघा, पण तो कधी आणि कुणाच्या कृपेने उभा राहिला तेही सांगा.

हे केलंत तर पहिलं बुकिंग माझं. पुतण्याला परत आणतो. आणि मुलांसाठी 'माझा प्रवास'च्या दहा प्रती मी माझ्या खर्चाने देईन, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. नाही केलंत, तर पोस्टरवरून 'तीर्थ' हा शब्द तेवढा काढा. 'उत्तर भारत दर्शन' लिहा, लोक तरीही येतील, जेवण खरंच चांगलं असतं.

आणि ज्या काकांनी विचारलं, राणी खुपते का, त्यांना: काका, राणीसाठी जे मेले त्यांच्या थडग्यावरून आपण 'वेळ नाही' म्हणत निघून आलो. ते खुपतंय. तुम्ही येणार असाल तर बसमध्ये शेजारची सीट तुमच्यासाठी ठेवतो, वाटेत भांडू.